खाऱ्या हवेतली जुनी फ्रेम

रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात ज्या घरातलं कोणी जहाजावर नोकरीला होतं, त्या घराच्या माळ्यावर एखादी विलायती वस्तू धूळ खात पडलेली असतेच. आमच्या आजोळी सायकल होती. डॉझ गॅलेक्सी, बर्मिंगहॅमची, लांब पल्ल्याची स्टीलची टूरिंग सायकल. डिसेंबर 2023 मध्ये ती माळ्यावरून उतरवली आणि एप्रिल 2024 मध्ये रस्त्यावर आणली. मधल्या काळात सगळ्यात जास्त त्रास झाला तो कोणाला विचारायचं हे न कळल्याचा. सायकलच्या दुकानांत एकच उत्तर मिळायचं, "ताई, भंगारात द्या. एवढ्या पैशात नवी येईल." अशी फ्रेम ज्यांच्याकडे पडून आहे त्यांना थोडा अंदाज यावा म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, खर्चासकट.

मामा जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिनखोलीत कामाला होते. 1980च्या आसपास लंडनजवळ टिलबरीला जहाज लागलेलं असताना त्यांनी ही सायकल कुणाकडून तरी जुनी घेतली आणि जहाजातूनच मुंबईला आणली. गावी आल्यावर वेळणेश्वर, हेदवी, गुहागर असे ते फिरायचे. मग टायर संपले आणि सायकल माळ्यावर गेली. या सायकलींचं चाक 27 इंची, त्याचा टायर 630 मिलिमीटरच्या रिमवर बसतो. आपल्या काळ्या सायकलीचा 28 बाय दीडचा टायर 635 च्या रिमचा. पाच मिलिमीटरचाच फरक, पण तो टायर या रिमवर ढिला पडतो आणि हवा भरली की निसटतो. मामांनी तेव्हा मुंबईलाही शोध घेतला होता म्हणे. एका टायरपायी एवढी सायकल अडकून पडली.

पहिला प्रश्न: फ्रेम वाचण्यासारखी आहे का? ही नळी रेनॉल्ड्स 531 ची. मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं हे पोलाद 1935 पासून सायकलींसाठी मिळायला लागलं. या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. मध्ये भिंत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. त्यामुळे वरचा रंग उडाला, तांबूस डाग पडले, याचं मला फारसं वाटलं नाही. आपल्याकडे फ्रेम आतून जाते. खारी दमट हवा सीटच्या नळीतून आणि नळ्यांच्या बारीक भोकांतून आत शिरते, पाणी होऊन खाली उतरतं आणि पेडलचा एक्सल जिथे बसतो त्या आडव्या नळकांड्यात साचतं. बाहेरून चकचकीत दिसणारी फ्रेम तिथे कुजलेली असू शकते.

मोबाइलला जोडायचा तपासणीचा बारीक कॅमेरा ऑनलाइन 950 रुपयांना मिळाला. तो सीटच्या नळीतून सोडायचा तर सीटपोस्ट निघायला हवा, आणि तो काही हलेना. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, स्टीलची नळी आणि मध्ये चाळीसेक वर्षांची खारी हवा. सायकलवाल्याने हातोडा काढला तेव्हा मी फ्रेम उचलून बाहेर पडले.

उपाय सापडला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर, बोटींच्या इंजिनाचं काम करणाऱ्या एका चाचांकडे. मी सांगायच्या आत त्यांनी सीटपोस्टच्या कडेची पांढरी भुकटी नखाने खरवडून दाखवली. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, म्हणूनच बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. ते आधी झिजतात आणि पंखा वाचतो. हे त्यांना रोजचंच. "घाई करू नको, बाय. रोज थोडं तेल सोड आणि विसरून जा."

जंग सोडवायचा स्प्रे मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मारला. फ्रेम उलटी टांगून एक्सलच्या बाजूनेही. मग चाचांच्या मोठ्या वाइसमध्ये सीटपोस्ट आवळला आणि दोघांनी मिळून अख्खी फ्रेमच हळूहळू फिरवली. फ्रेमची लांबी हाच पाना. आधी काही नाही, मग बंदुकीच्या बारासारखा एक आवाज, आणि मग कर्र कर्र करत पोस्ट सुटला. पोस्टवर 27.2 असा शिक्का होता. हा आकडा दिसला की नळी पातळ आणि चांगल्या प्रतीची आहे असं समजायला हरकत नाही. पोस्ट असाही सुटला नसता तर शेवटचा मार्ग कॉस्टिक सोड्याचा. तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, स्टीलला हात लावत नाही, पण त्यातून हायड्रोजन निघतो आणि अंगावर उडाला तर कातडी जळते. उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, विस्तव लांब ठेवून करायचं काम आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

एक्सलच्या वाट्या काढताना एक लक्षात ठेवा. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. नेहमीसारखी फिरवली तर ती आणखी आवळते आणि पान्याचं तोंड घसरून वाटी खराब होते. गॅलेक्सीचे आटे इंचाला 24. तुमच्याकडे नॉटिंगहॅमची जुनी रॅले असेल तर आधी थ्रेड गेजने (आटे मोजायच्या दातेरी पट्टीने) मोजून घ्या. त्यांच्या बऱ्याच सायकलींत आटे इंचाला 26 असतात आणि बाजारातल्या नेहमीच्या वाट्या त्यात बसत नाहीत.

कॅमेऱ्यात आतली बाजू तांबडी दिसली, पण भोक कुठे नव्हतं. एक्सलच्या नळकांड्यातून चमचाभर गंजाचा चुरा आणि एक वाळलेली पाल निघाली.

चीर आहे का हे बघायची युक्तीही बंदरावरचीच. सांधा साफ करायचा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत उमटतं आणि ओली रेघ दिसते. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलने काम झालं. पुढच्या नळ्यांचे लग (नळ्या जोडणारे खोबणीचे तुकडे), चिमट्याचा माथा, सगळं कोरडं राहिलं. मागच्या डाव्या बाजूला, चाक जिथे बसतं त्या पत्तीजवळ, केसाएवढी रेघ उमटली. शिवाय त्याच पत्तीवरचा मडगार्डचा कान तुटलेला होता. फ्रेम सरळ आहे का हे सुतळीने पाहिलं. मागच्या एका पत्तीपासून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पत्तीपर्यंत सुतळी ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. माझ्या फ्रेममध्ये एक मिलिमीटरचा फरक आला. तेवढा चालतो.

गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरलं. लाकडाला पॉलिश करणारे वापरतात ती पांढरी पूड, रंगाच्या दुकानात सुटी मिळते. विषारी आहे, पोरांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवावी. फ्रेम बुडेल एवढं भांडं कुठून आणायचं? अंगणात चिरे चौकोनात रचले आणि आत जाड ताडपत्री अंथरली. लिटरला साधारण तीस ग्रॅम पूड टाकली आणि फ्रेम रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पाणी पिवळट-हिरवं झालेलं आणि स्टील राखाडी. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात. सगळा खर्च 300 रुपये.

लगेच म्हणजे खरंच लगेच. उघडं स्टील इथे रात्र काढू शकत नाही. सकाळी घासून पांढरी केलेली नळी संध्याकाळी हाताला तांबूस लागते. घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर निदान तेलाचा हात. पुण्यातल्या लोकांचे व्हिडिओ बघून काम करत असाल तर त्यांच्याकडे आठवडाभर उघडी पडलेली फ्रेम बघून फसू नका.

जोडकामाला जानेवारी उजाडला. एका वर्कशॉपमध्ये "दोन टाके मारतो, पाच मिनिटांचं काम" म्हणत रॉड हातात घेतला गेला, मी नको म्हटलं. 531 ही नळी वेल्डिंगसाठी नाहीच. आर्कच्या आचेने पातळ नळी कडक-ठिसूळ होते आणि टाक्याच्या शेजारी तुटते. ती मुळात पितळेने किंवा चांदीमिश्रित धातूने जोडलेली असते, दुरुस्तीही तशीच करायची. तर ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडकाम) करणारे शोधा, म्हणजे ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे, नाहीतर फ्रीज-एसीवाले. मला रेडिएटरवाले दादा भेटले. त्यांनी फ्रेम उचलून पाहिली, वजन बघून हसले आणि म्हणाले, "हे आपलं काम."

ते काम बघण्यासारखं होतं. आधी जुना गंज आणि रंग पार खरवडून काढला. टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला लावला. गॅसची ज्योत त्यांनी पातळ नळीवर धरलीच नाही, सगळा वेळ जाड पत्तीवर फिरवत होते. टाकणखार फुगला, पांढरा झाला, मग काचेसारखा वितळून पारदर्शक झाला. पत्ती मंद लाल झाल्यावर पितळेची कांडी नुसती टेकवली आणि पितळ आपोआप आत ओढलं गेलं, चिरेच्या दुसऱ्या अंगाने बाहेर डोकावलं. जिकडे आच तिकडे पितळ जातं, त्याला ढकलावं लागत नाही. तुटलेला कानही असाच बसवला. मजुरी 400 रुपये. सांधा पाणी न मारता आपोआप गार होऊ द्यायचा, आणि वरचं काचेसारखं कवच गरम पाण्याने आणि ब्रशने काढायचं. ते राहिलं तर त्याखाली रंग धरत नाही.

त्याच आठवड्यात मागचा चिमटा रुंद केला. मागच्या चाकावरच्या जुन्या पाच दातेरी चकत्यांच्या, म्हणजे पाच गिअरच्या फ्रीव्हीलसाठी दोन पत्त्यांमधलं अंतर 120 मिलिमीटर असतं. मला सात चकत्या हव्या होत्या, त्याला 126 लागतं. स्टीलची फ्रेम थंडच वाकवता येते. (अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये.) आटे पाडलेला लांब गज आणि दोन्हीकडे नट-वायसर घेऊन थोडं थोडं ताणायचं, सोडून मोजायचं. स्टील परत मागे येतं, त्यामुळे 126 हवं असेल तर बरंच पुढे जाऊन सोडावं लागतं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या का हे पुन्हा सुतळीने बघायचं. अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन 2008 मध्ये वारले, पण या विषयावरचं त्यांचं लिखाण अजून सगळे वाचतात. मीही तेच वाचून धीर केला.

रंगाबाबत दोन मतं पडली. मिरजोळे एमआयडीसीत पावडर कोटिंगची चौकशी केली. भट्टीचं तापमान 180 ते 200 अंश असतं, पितळेच्या सांध्यांना त्याने काही होत नाही. अडचण त्याआधीच्या सँडब्लास्टिंगची. गेट-ग्रिलवर मारतात तो जाड मारा अर्ध्या मिलिमीटरच्या नळीवर नको. शिवाय पावडरचा थर एकदा कुठे फुटला की खालून खारं पाणी शिरतं आणि पापुद्रा तसाच चकचकीत दिसत राहतो. मी बोटींच्या रंगाच्या दुकानात गेले. दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. हार्डनर, थिनर धरून 3,100 रुपये. मारायला गाड्यांचा रंगारी, त्याचे 2,500. एक्सलच्या नळकांड्याखाली केबलच्या पट्टीमागे मूळ गडद निळा रंग शाबूत होता, त्यावरून दुकानात छटा जुळवून मिळाली. पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला वाईट असते. रंगारी नुसता रुमाल बांधून उभा राहिला होता, त्याला मी मास्क नेऊन दिला आणि तो त्याने गळ्यात अडकवला.

रंग फेब्रुवारीत मारला, तोही सकाळी अकरानंतर. त्याआधी दव असतं आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. मारण्याआधी फ्रेम गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, वाळवून, मग थिनरने पुसायची. मीठ थिनरने निघत नाही. आट्यांच्या जागा टेपने बंद. मग पंधरा दिवस हात लावायचा नाही. नावाची अक्षरं गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून कापून घेतली, 300 रुपयांत. जुन्या फोटोवरून त्याने अक्षराचं वळण इतकं हुबेहूब पकडलं की मामांना ओळखता आलं नाही.

आतून काय करायचं? डबल बॉइल्ड जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात 180 रुपयांना. सगळ्या नळ्यांच्या भोकांतून सोडायचं, फ्रेम चहूबाजूंनी फिरवायची, उलटी टांगून निथळू द्यायची. वाळल्यावर आत पातळ पापुद्रा धरतो. ज्या चिंध्यांनी तेल पुसलं त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःच तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा. या सगळ्या उपद्व्यापात माझ्या मते हे 180 रुपये सर्वात सार्थकी लागले.

सुट्या भागांत एक्सलचा बंद सेट आणि हँडलचे बेअरिंग-कप इथेच मिळाले, दोन्ही मिळून 1,700. मूळ ब्रेक वाइनमानचे, मधून ओढले जाणारे. त्यांची केबल अडकवायचे हुक आणि 531 चं छोटं स्टिकर इंग्लंडहून मागवलं, टपालखर्चासह 2,900. तिथल्या विक्रेत्याने आपणहून विचारलं, भेटवस्तू म्हणून पाठवू का? नको म्हटलं. भेटीच्या पार्सलवरची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. पार्सल मुंबईत कस्टमला थांबलं. कुरिअरवाल्यांचा मेल आला: आधार, पॅन, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा. मी कार्डाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला, तो चालला नाही. बँकेचं स्टेटमेंट लागलं, नाव आणि रक्कम दिसेल असं. आधारवरचा पत्ता आणि पार्सलवरचा पत्ता वेगळा म्हणून पुन्हा एक मेल. तो प्रश्न भाडेकराराच्या प्रतीने सुटला. ड्युटी, कर आणि त्यांचा हाताळणी खर्च मिळून 1,150 भरले तेव्हा मार्च लागला होता. मागवणार असाल तर ही कागदपत्रं आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्ता आधारवरचाच द्या.

चाकं मी 700 सी करायची ठरवली. रिमचा व्यास 622, त्याचे टायर आता कुठेही मिळतात. 630 वरून 622 म्हणजे ब्रेकचा रबर चार मिलिमीटर खाली यायला हवा. रिम घेण्याआधी ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा उरते का ते मोजा. वाइनमानच्या ब्रेकला होती. हब, रिम, आरे, फ्रीव्हील आणि मजुरी 6,800, टायर-ट्यूब 2,200. चाक विणायला दिलं आणि शिमगा आला. 24 मार्चला होळी, पण मिस्त्री त्याआधीच गावी गेलेले आणि पालखी वाडीतून फिरून देवळात गेल्याशिवाय परत येणार नव्हते. फोन केला तर मागे ढोल वाजत होते. त्यांनी मलाच पालखीला बोलावलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आऊट (चाकाचं वेडंवाकडं फिरणं) काढून चाकं हातात आली. तोवर आंबा सुरू झालेला. कोल्हापूरहून निघालेलं चेन-केबल-रबरांचं पार्सल पेट्यांच्या गर्दीत कुठे होतं देव जाणे. त्याचे 1,900.

जोडणी घरी केली. सीटपोस्ट बसवताना भरपूर ग्रीस, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे जिथे भेटतात तिथे सगळीकडे. पहिली मोठी फेरी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चिमटा थरथरायचा आणि कर्कश आवाज यायचा. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं किंचित तिरकं बसवल्यावर दोन्ही गेलं. डोंगर चढताना सात चकत्या कमी पडतात, हे पाय सांगतात.

एकूण खर्च साधारण 24,400. त्यात फ्रेमवरचा, म्हणजे कॅमेऱ्यापासून जवसाच्या तेलापर्यंत सगळा, 7,700 च्या आसपास. बाकी चाकं आणि सुटे भाग. फक्त फ्रेम वाचवून ठेवायची असेल तर एवढ्यातच भागतं, चाकांचं पुढे सवडीने बघता येईल.

देखभालीचं म्हणाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करते, पाणी निघालं तर निथळवते, नवीन ग्रीस लावून पोस्ट परत बसवते. एक्सलच्या नळकांड्याला खाली बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं, काडीने मोकळं करायचं. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याचं फडकं, पाइपचा फवारा नाही. पुढच्या मडगार्डची तार अजून वाजते. तिला रबरी वायसर हवा, तोही बंदरावरच्या दुकानात मिळेल असं चाचा म्हणालेत.